चाईची लाज कुणाला?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी औशाचा, भुईकोट किल्ल्याच्या गावचा. घरात दखनी बोलतो, कविता मराठीत लिहितो. भाषणासाठी बोलावणं आलं तेव्हा 'विषय काय घेणार?' असं विचारलं गेलं. मी म्हणालो, 'केस.' समोरचे हसले. म्हणाले, 'म्हणजे गझलच की!' त्यांचं काही चुकलं नव्हतं. गझल लिहिणाऱ्यांनी केसांवर जितकी शाई खर्च केली, तितकी डोळे सोडले तर दुसऱ्या कशावर केली नसेल. त्या शाईत माझ्याही दौतीतले काही थेंब आहेत. पण आज मला गेलेल्या केसांविषयी बोलायचं आहे. त्यांच्यावर कुणी शेर लिहीत नाही.

डोक्यावर एखाद्या ठिकाणी रुपयाएवढा गोल चट्टा पडतो. कधी एकच, कधी दोन-चार. तिथली कातडी गुळगुळीत असते. खवले नसतात, जखम नसते, दुखत नाही, खाजही फारशी नसते. काल होते ते केस आज नाहीत. पुरुषांच्या दाढीत पडतो, भुवईत पडतो, पापण्यांचेही केस जातात. आपल्याकडं याला चाई म्हणतात. काही घरांत उंदरी म्हणतात, जणू रात्रीतून उंदरानं कुरतडून नेले. आयुर्वेदात इंद्रलुप्त असं नाव आहे. आजचे डॉक्टर अॅलोपेशिया एरिएटा म्हणतात. यातला अॅलोपेशिया हा शब्द ग्रीक भाषेतल्या कोल्ह्यावरून आला, कारण खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस असेच झडतात. म्हणजे आपल्याकडं उंदीर आणि त्यांच्याकडं कोल्हा. माणसानं दोन्हीकडं आळ घेतला तो मुक्या जनावरावर. खरी गोष्ट वेगळी आहे. हे केस बाहेरचं कुणी नेत नाही. नेणारा आपल्याच घरातला असतो. ते कसं, हे पुढं सांगतोच. आधी माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

ही गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची आहे. सांगण्याआधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, 'सांगा, पण नाव घेऊ नका. आणि आपल्या चुका गाळू नका.'

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाट व्हायची होती. तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. औसा वाचलं, पण आम्ही पुढं कितीतरी दिवस घराबाहेर झोपलो. माझी लेक तेव्हा दोन महिन्यांची होती. बहीण एकोणीस वर्षांची होती, तिची मंगनी झालेली होती आणि लग्न उन्हाळ्यात धरलं होतं.

हिवाळा सुरू झाला तसे आमच्या गल्लीतल्या दोन-तीन बायकांचे केस गळायला लागले. फणी घातली की मूठभर हातात यायचे. सगळ्या म्हणायच्या, धास्ती खाल्ली म्हणून. ते बरोबरच होतं. मोठा ताप, बाळंतपण, अपघात किंवा जबर धक्का बसला की दोन-तीन महिन्यांनी डोकंभर केस विरळ होतात आणि सहसा काही महिन्यांत पुन्हा भरून येतात. हे मला आज कळतं. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की माझ्या बहिणीचंही काहीतरी झालंय. पण तिचे केस विरळ झाले नव्हते. अम्मी तेल लावत असताना तिच्या बोटाला कानामागं गुळगुळीत लागलं. वेणी बाजूला केली तर आठ आण्याएवढा चट्टा. महिन्याभरात टाळूजवळ दुसरा आणि मानेवर तिसरा पडला. बाकीचे केस मात्र पहिल्यासारखे दाट आणि काळे. तिची होती ती चाई. शेजारणींचं दुखणं वेगळं आणि तिचं वेगळं, पण भूकंपाच्या खात्यावर आम्ही सगळंच एकत्र लिहून टाकलं.

अम्मीनं पहिलं काम केलं ते दार लावून घेण्याचं. 'कुणाला कळता कामा नये. मुलाकडच्यांना तर नाहीच.' डॉक्टरकडं न्यायचं तर लातूरला जावं लागणार, कुणीतरी पाहणार. मग उपाय घरातच सुरू झाले. कांदा चोळून झाला. लसूण चोळून झाली. नजर उतरवून झाली. शेवटी कुणीतरी एका औषध देणाऱ्याचं नाव सांगितलं. त्यानं बिब्ब्याचं तेल दिलं.

आमच्या भागात बिब्बा कुणाला माहीत नाही? त्याचं तेल अंगाला लागलं तर बिब्बा उततो, फोड येतात. ते तेल माझ्या बहिणीच्या टाळूवरच्या चट्ट्याला लावलं. तीन दिवस ती रडली. डोळ्यांपर्यंत सूज उतरली. फोड फुटले, चिघळले आणि महिन्यानं जखम भरली तेव्हा तिथं जाड, चकाकणारा वण राहिला. मी बी.ए. झालेला, कविसंमेलनांत मिरवणारा थोरला भाऊ. मी त्या घरातच होतो. मी त्या माणसाला अडवलं नाही. उलट त्याला आणायला माझ्याच सायकलवर गेलो होतो.

गुपित राहिलं नाहीच. फोडांमुळं तर अधिकच बोभाटा झाला. मंगनी मोडली.

पुढची गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे, कारण तिच्यातच सगळं आलं. वर्षभरात कानामागच्या चट्ट्यावर लव आली. आधी पांढरी, मग काळी. मानेवरचा चट्टाही भरला. काही न लावता भरला. टाळूवरचा मात्र आजतागायत भरला नाही. आजारानं नेलेले केस परत आले, आम्ही उपायानं घालवलेले परत आले नाहीत.

असं का झालं? याचं उत्तर मला तीस वर्षांनी एका त्वचारोगतज्ज्ञांनी समजावून दिलं. ते मी माझ्या भाषेत सांगतो.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस कातडीतल्या एका छोट्या पिशवीतून उगवतो. तो काही वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, मग थांबतो, गळतो आणि त्याच पिशवीतून दुसरा येतो. रोज पन्नास-शंभर केस गळणं हा हिशेबातला भाग आहे. आता शरीराला आपलं संरक्षण करावं लागतं. त्यासाठी रक्तात पांढऱ्या पेशी पहारा देत फिरतात. परका जंतू दिसला की त्याच्यावर तुटून पडायचं, एवढंच त्यांचं काम. पण किल्ल्यात पहारेकरी सगळीकडं फिरत असले तरी जनानखान्याच्या पडद्याआड जात नाहीत. शरीरातही अशा काही पडद्याआडच्या जागा आहेत. केस जिथं घडतो ते पिशवीचं मूळ ही त्यातली एक. तिथल्या पेशी आपली ओळख झाकून राहतात, आणि पहारेकरी त्यांच्या वाटेला जात नाहीत.

चाईत हा पडदा सरकतो. पहारेकरी आत बघतात आणि घरच्याच माणसाला चोर समजतात. दुर्बिणीखाली पाहिलं तर केसाच्या मुळाभोवती या पेशींची गर्दी मधमाश्यांच्या मोहोळासारखी दिसते. केस घडणं बंद पडतं, केस तुटून गळतो. स्वतःच्याच संरक्षणाचा स्वतःवर हल्ला, म्हणून याला स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. थायरॉइडचे काही आजार आणि कोड हे याच कुळातले. चाई असलेल्यांपैकी काहींना हेही असू शकतात. पण एक चांगली गोष्ट आहे. पहारेकरी केस घडवणाऱ्याला कामावरून उठवतात, त्याचं घर मात्र पाडत नाहीत. पिशवी शाबूत राहते, नवा केस घडवणाऱ्या मूळ पेशीही शाबूत राहतात. त्यामुळं हल्ला थांबला की केस परत येऊ शकतात, कधीकधी कितीतरी वर्षांनी. बिब्ब्यानं मात्र घरच पाडलं. भाजून वण झाला, पिशव्याच जळाल्या. तिथं आता कोण येणार?

या पहारेकऱ्यांचा रोख बहुतेक वेळा रंग असलेल्या केसांवर असतो, पांढऱ्यांना ते बरेचदा सोडून देतात. म्हणून पुन्हा उगवणारी लव आधी पांढरी येते. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे केस १७९३ साली मृत्युदंडाआधी एका रात्रीत पांढरे झाले अशी आख्यायिका आहे. अशा आख्यायिकांमागं चाई असावी, असं काही डॉक्टरांना वाटतं. काळे केस झपाट्यानं गळले, आधीचे पांढरे तेवढे राहिले, आणि बघणाऱ्याला वाटलं केस पिकले.

शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते. बाई-पुरुष, हिंदू-मुसलमान, श्रीमंत-गरीब असा भेद ती करत नाही. लहान मुलांनाही होते. दहातल्या एक-दोघांच्या घरात आधी कुणालातरी झालेली असते. म्हणजे बी घरातून येतं, पण ते रुजेलच असं नाही. थोड्यांच्या बाबतीत सगळं डोकं, आणि त्याहून थोड्यांच्या बाबतीत अंगावरचे सगळे केस जातात. ती स्पर्शानं पसरत नाही. एका फणीनं नाही, एका उशीनं नाही, एका बाकावर बसल्यानंही नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश बोललो. कारण आता नातीची गोष्ट सांगायची आहे.

२०२५ची रमजान ईद. निलंग्याला दिलेली लेक माहेरी आली होती. तिची नऊ वर्षांची मुलगी अंगणात बसली होती आणि माझी बहीण तिच्या वेण्या घालत होती. एकाएकी तिचा हात थांबला. तिनं मला हाक मारली, 'भाईजान, इकडं या.' नातीच्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढा चट्टा होता.

शेजारपाजारी त्या दिवसांत एकच बोलणं होतं, 'हे बुलढाण्याचंच आलं.' कारण ती बातमी ताजी होती. डिसेंबर २०२४च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस एकाएकी गळायला लागले होते. तीन-चार दिवसांत डोकी रिकामी. जानेवारीत आकडा शेकड्यांत गेला. पाणी तपासलं, कातडीचे तुकडे तपासले, दिल्ली-चेन्नईहून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकं आली. मग डॉ. हिंमतराव बावस्कर तिथं गेले. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून ज्यांनी कोकणात कितीतरी जीव वाचवले, ते हे महाडचे डॉक्टर. त्यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला रेशनचा गहू तपासून घेतला आणि फेब्रुवारीत सांगितलं की त्या गव्हात सेलेनियम नावाचा घटक फार जास्त आहे आणि लोकांच्या शरीरातही तो वाढलेला आहे. पुढं अनेकांचे केस पुन्हा येऊ लागल्याचंही प्रसिद्ध झालं.

म्हणजे तिथं एकाच वेळी गावंच्या गावं, घरातली बरीच माणसं, आणि कारण बाहेरचं. आमच्या नातीच्या बाबतीत घरात तोच गहू खाणारी सात माणसं, त्यात चट्टा एकीलाच, आणि तोही गोल, गुळगुळीत. दोन्हीकडं केसच गेले, पण आजार दोन. १९९३ साली आम्ही शेजारणींचं आणि बहिणीचं एकत्र लिहिलं, तीच चूक पुन्हा होत होती. एका बाबतीत मात्र शेगावची गावं आणि माझी बहीण सारखीच. तिथली लग्नं अडली, बाहेरचे लोक सोयरीक करायला कचरू लागले, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. केस गेले की आधी उंबरठा बंद होतो, आजाराची चौकशी मागाहून.

अम्मी आता नाही. पण तिचं वाक्य माझ्या लेकीच्या तोंडून आलं, 'सासरी कळायला नको.' लसूण सोलायला घेतलीच होती. तेव्हा माझी बहीण उठली, आमच्या सगळ्यांसमोर तिनं डोक्यावरची ओढणी बाजूला केली आणि टाळूवरचा वण दाखवला. माझ्या लेकीनं तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बहीण म्हणाली, 'यावेळी हिच्या डोक्याला कुणी काही लावायचं नाही. उद्या सकाळी मी हिला लातूरला घेऊन जाते.'

गेलो. मीही सोबत होतो. डॉक्टरीण बाईंनी भिंगातून पाहिलं. चट्ट्याच्या कडेला आखूड तुटके केस होते, वर जाड आणि मुळाशी बारीक, उद्गारचिन्हासारखे. 'ही चाईची खूण,' त्या म्हणाल्या. मुलांमध्ये बुरशीमुळं, म्हणजे डोक्यातल्या नायट्यामुळंही चट्टे पडतात. पण तिथं खवले असतात, खाज असते, केस ठिपक्यांसारखे तुटलेले असतात. त्याला बुरशीचंच औषध पोटातून द्यावं लागतं, आणि तो मात्र पसरतो. काही मुलं नकळत स्वतःचे केस उपटतात, त्याचा चट्टा वेडावाकडा असतो. म्हणून आधी निदान, मग औषध. त्यांनी नातीची नखंही पाहिली. चाईत कधीकधी नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात.

मी विचारलं, 'औषध काय?' त्यांनी सरळ सांगितलं, 'आजार मुळापासून काढून टाकणारं औषध अजून नाही. पण केस परत आणायला मदत करणारी आहेत.' एक-दोन लहान चट्टे असतील तर निम्म्याच्या आसपास लोकांचे केस वर्षभरात आपणहून येतात. म्हणूनच ज्या-त्या उपायाला यश मिळाल्यासारखं दिसतं. चोळला कांदा, आले केस, वाजले नगारे! लहान मुलांना बहुधा स्टेरॉइडचं मलम देतात. मोठ्या माणसांना चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं. चट्टे फार असतील तर कातडीला मुद्दाम हलकी खाज आणणारं रसायन अगदी पातळ करून लावतात, म्हणजे पहारेकऱ्यांचं लक्ष दुसरीकडं वळतं. हे ऐकून मी चमकलो. बिब्ब्याच्या मागंही असलंच काही जुनं निरीक्षण असेल. पण पातळ करून, मोजून, नजरेखाली लावणं वेगळं आणि बाटली उपडी करणं वेगळं.

ज्यांचं बरंचसं डोकं रिकामं झालं आहे त्यांच्यासाठी अलीकडं नव्या गोळ्या आल्या आहेत. पहारेकऱ्यांना हल्ल्याचा हुकूम पोचवणारा जो निरोप असतो, तो या गोळ्या वाटेत अडवतात. २०१४ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हा रस्ता दाखवला. त्यातल्या अँजेला ख्रिस्तियानो यांना स्वतःलाच चाई पडली होती. २०२२च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बॅरिसिटिनिब या गोळीला मोठ्या माणसांमधल्या तीव्र चाईसाठी मान्यता दिली, आणि २०२३ साली रिटलेसिटिनिबला बारा वर्षांपासून पुढं. पण त्यांच्या मागं लागण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. गोळी थांबवली की पुष्कळांचे केस पुन्हा जातात. आणि पहारेकऱ्यांचे हात बांधले की खरा चोरही आत शिरतो. आपल्या देशात दबा धरून बसलेला क्षय पुष्कळांच्या अंगात असतो, तो उठू शकतो. म्हणून आधी तपासण्या कराव्या लागतात. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून 'अमक्याला दिली ती गोळी द्या' असं म्हणायची ही गोष्ट नव्हे. स्टेरॉइडच्या मलमाचंही तेच.

निघताना मी डॉक्टरीण बाईंना म्हणालो, 'पोरगी फार टेन्शन घेते, त्यानं झालं असेल.' त्या म्हणाल्या, 'आजोबा, हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा बोलू नका. काहींना मोठ्या धक्क्यानंतर चाई पडल्याचं दिसतं, पण पुष्कळांना काही कारण नसताना पडते. तुम्ही टेन्शन म्हणालात की तिला वाटणार, हे माझ्यामुळं झालं.' मी गप्प बसलो. आधीच केस गेलेल्या माणसाला आपण वरून अपराधही देतो.

शाळेत जे व्हायचं ते झालं. बाकावर शेजारी बसायची ती मुलगी उठून दुसरीकडं गेली. 'तुझं मला लागेल' म्हणाली. तिचा दोष नाही, तिला घरून तसं सांगितलेलं. माझी लेक शाळेत गेली, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, बाईंना सांगितलं. बाईंनी वर्गात पाच मिनिटं हा आजार समजावून सांगितला. पाचच मिनिटं, श्रोतेहो. तेवढ्यानं बरंच निवळलं. सगळं नाही.

ही लाज येते कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला. रिकाम्या डोक्याची आपल्याला मुळात लाज नाही. हजला गेलेला पुरुष डोकं भादरून येतो, आपण त्याची गळाभेट घेतो. आमच्या लातूरची माणसं तिरुपतीला जातात, बायाबापड्याही केस देऊन येतात, आपण प्रसाद घेतो. पुरुषाला टक्कल पडलं तर त्याला कुणी घरी बसवत नाही. पण बाईचे केस तिच्या मनाविरुद्ध गेले की त्याचा अर्थ काढायला सगळा गाव बसतो. याच महाराष्ट्रात विधवेचे केस सक्तीनं काढले जात, म्हणजे तिनं पुन्हा वर मान करू नये. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधवांनी संप केला आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. वस्तरा थांबला, पण बाईच्या उघड्या डोक्याला आपण चिकटवलेला अर्थ पुरता सुटला नाही. सगळे धर्म यात सारखेच, माझं घरही यात आलं.

आणि हे फक्त आपल्याकडंच, असंही नाही. २७ मार्च २०२२ला ऑस्करच्या समारंभात ख्रिस रॉक या विनोदी नटानं विल स्मिथच्या पत्नीच्या, जेडा पिंकेट स्मिथ यांच्या, केस नसलेल्या डोक्यावर विनोद केला. त्यांनी आपले केस जात असल्याचं २०१८ सालीच जाहीर सांगितलं होतं. नवरा मंचावर गेला आणि त्यानं थप्पड मारली. जगभर चर्चा झाली ती थप्पडेची. जिच्या डोक्यावर विनोद झाला तिला काय आजार आहे, हे फार थोड्यांनी विचारलं.

माझ्या बहिणीचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. १९९९ साली तिला एक स्थळ आलं. किराणा दुकानवाले. यावेळी तिनंच हट्ट धरला, आधी सगळं सांगा. मी चाचरत सांगितलं. त्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली. आत चकाचक टक्कल. म्हणाले, 'माझे कुठं आहेत? मला कुणी विचारलं का?' सव्वीस वर्षं झाली, आमचे हे मेहुणे अजून टोपी काढून तोच विनोद करतात आणि बहीण अजून हसते.

पण तिनं मला विचारलेला एक प्रश्न तसाच राहिला आहे. १९९४ साली, तिच्या टाळूवरची जखम नुकतीच भरली होती तेव्हा, मी लातूरच्या एका कविसंमेलनात गझल वाचून आलो. रेशमी केसांवर चार शेर होते, टाळ्याही पडल्या होत्या. रात्री जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, 'भाईजान, तुमच्या गझलेत केस नसलेली बाई येत नाही का?' मी भाकरी मोडत राहिलो. तिच्या डोक्याकडं मी वर्षभर पाहिलं नव्हतं. केसांवर लिहीत मात्र होतो.

आज नातीचा तो चट्टा भरलाय. पांढरी लव आली, मग काळी झाली. मागच्या महिन्यात कपाळाच्या वर दुसरा पडला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्याच, ही येते, जाते, पुन्हा येऊ शकते. यावेळी घरात कुणी दार लावलं नाही. नात आरशासमोर उभी राहिली, केस बाजूला करून पाहिलं आणि आत्याआजीला फोन लावून म्हणाली, 'नानी, आणखी एक आला. मागच्यापेक्षा लहान आहे.'

श्रोतेहो, तुमच्या घरात, ओळखीत असा चट्टा दिसला तर काही लावू नका, काही जाळू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सोयरीक असेल तर आधी सांगा. शाळा असेल तर बाईंना सांगा. आणि त्या माणसाच्या डोक्याकडं बघायचं टाळू नका. तिच्याशी बोलताना आधी जिथं बघत होता, तिथंच बघा.

मी गझल अजून लिहितो. बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर देणारा शेर अद्याप जमलेला नाही. तोवर हे भाषण तिच्यासाठी. खुदा हाफिज, नमस्कार.